बाकडं

निकालाच्या रात्री टीव्हीवर पाच जण सांगत होते का हरलो:
महागाई, लाट, तरुणांचा कल.
कुणीतरी आलेख काढला होता, घसरगुंडीसारखा.
मी काळाचौकीच्या कचेरीत एकटाच,
समोर साठ किलो मोतीचूर लाडू, आगाऊ सांगितलेले.

मतदारयादीवर मी पेन्सिलीने खुणा करायचो.
बत्तीस वर्षं. बरोबरची खूण म्हणजे आपला.
यशोदा तांडेल, बरोबर. मुकरींचं अख्खं घर, बरोबर.
पेडामकर मास्तर वारले, तरी बरोबर,
खोडायचं राहून गेलं.

आता आठवतंय ते बाकडं.
दाराबाहेर होतं, एक पाय विटेवर.
नळाला पाणी नाही, पोराचा दाखला, सासऱ्याला केईएममध्ये खाट,
जो तो येऊन तिथे बसायचा.
काम व्हायचंच असं नाही. खरं सांगायचं तर
बहुतेक व्हायचं नाही.
पण साहेब बाहेर यायचे, "सरका जरा" म्हणत टेकायचे,
तंबाखू मागायचे
आणि शिव्या ऐकायचे.

मग एसी आला. एसी आला म्हणून काच आली,
काच आली म्हणून "चपला बाहेर काढाव्यात",
आणि बाकडं वाटेत येतं म्हणून
मीच भंगारवाल्याला दिलं.
दोनशे दहा रुपये. पावती फाइलीत आहे.

लोक त्यानंतरही भेटले, हसले, हात जोडले.
प्रचाराला गेलो तर यशोदाबाईंनी पिशवीत चार बांगडे घातले,
पैसे घेतले नाहीत. म्हणाल्या,
"तुम्ही कशाला उन्हात फिरताय, भाऊ?"
मला वाटलं, माया.
त्यांच्या सुनेने दार अर्धंच उघडं धरलं होतं,
तेही मी पाहिलं, आणि बरोबरची खूण केली.

शिव्या थांबल्या
तेव्हाच कळायला हवं होतं.

एकशे बेचाळीस नंबरच्या बूथवर आम्हाला एकोणसाठ मतं.
यादीत खुणा सहाशे अकरा.
देशभर असंच झालं म्हणतात.
बाकीच्या देशाचं मला माहीत नाही.

फोन वाजतो. मिठाईवाला घाग,
उरलेले पैसे कुणाकडे मागू, विचारतो.
साहेबांचा फोन दुपारपासून बंद आहे.
बघतो, म्हणतो मी, आणि ठेवतो.

एक लाडू फोडला.
वेलची जरा जास्तच पडलीय.
सांगायला हवं त्याला.