खिडकी क्रमांक चार, हमामात्सू

एदिल्सन मियाशिरोला आडनाव बघून बोलावलं.
आजोबा इथले,
शिवाय गिअरच्या कारखान्यात हात कमी पडत होते.

मग मंदी आली.
त्याच खिडकीतून, तितक्याच अदबीनं वाकून
परतीच्या तिकिटाचे पैसे पुढे सरकले;
खाली बारीक अक्षरात : पुन्हा येऊ नये.
त्यानं घेतले नाहीत.
का, ते बायकोलाही सांगितलं नाही.

आता म्हाताऱ्यांना कुशीवर वळवायला माणूस मिळेना.
फॉर्म नवा, रकाने नवे,
रांगेत व्हिएतनामी पोरी, कोऱ्या फायली छातीशी.

त्यातलीच थुई रात्री त्याला वळवते,
पाठीशी उशी लावते,
अडखळत विचारते,
"आजोबा, इथे किती वर्षं?"
"नियम तीनदा बदलला, तेवढी."

थुई हसते.
तिला वाटतं, आपणच काहीतरी चुकीचं ऐकलं.