लिलावाचा ओटा

आधी साय काढायची.
सिमेंट ओतलं त्या दिवशी पाण्याबरोबर वर आलेली,
नखाने खरवडली तर पिठासारखी सुटणारी.
दिसायला गुळगुळीत, धरायला कुचकामी.
शौकत ग्राइंडर फिरवतो, मागून पाइप घेऊन मी,
आणि दाभोळच्या धक्क्यावरची कुत्री
लांब जाऊन बसतात.

मग धुवायचं. गोड्या पाण्याने.
समोर अख्खी खाडी भरतीला आलेली
आणि आम्ही दापोलीहून टँकर मागवतो.
होडीवरची पोरं हसतात.
आत मीठ राहिलं तर वर्षाच्या आत फोड येतील,
हे हसणाऱ्याला कुठे सांगत बसू.

परीक्षा मात्र सोपी आहे.
थेंब ठेवायचा, बघत राहायचं.
पसरला, काळा पडला, आत गेला, तर जागा तयार.
गोल राहून चकाकत बसला
तर खाली तेल.

तेल होतं.
उत्तरेच्या खांबापाशी, टोपलीच्या बुडाएवढं,
बांगड्याचं, तारलीचं, बावीस वर्षांचं.
दोनदा डिग्रीझर घासला. ॲसिड फेसाळलं आणि विझलं.
सकाळी डाग पुन्हा जागेवर,
जसा काही रात्री घरी जाऊन आला.

"माजी जागा ती," हौसा पालशेतकर म्हणाली.
अपराधी नाही, अभिमानाने नाही,
रेशनकार्ड दाखवावं तशी.

ठेकेदार फोनवर:
वरून मारून टाका, तीस तारखेला बिल लावायचंय.
रेझिन झाकतं सगळं, खरं आहे.
फोटोत डाग दिसत नाही.
मग कधीतरी नखाएवढी कड उचलते,
कुणीतरी बसल्या बसल्या ती सोलत राहतं.

छिन्नी घेतली.
दोन इंच खाली गेलो तरी वास.
अडीचला शौकतने खड्ड्यात नाक घातलं,
म्हणाला, आता नुसता दगड.
रेझिनमध्ये रेती कालवून खड्डा भरला.
शेजारी प्लास्टिकचा चौकोन, चारी कडा टेपने बंद.
पहाटे वर दहिवर, खाली कोरडं.
ओटा आमचा झाला.

हौसाने बाटलीतलं पाणी सांडून पाहिलं.
सगळीकडे आत गेलं.
तिच्या जागेवर थेंब गोलच राहिला.
तिने माझ्याकडे पाहिलं.
हे वेगळं, मी म्हटलं. हे आम्ही भरलंय.
"वेगळं," ती म्हणाली. पुढे काही नाही.

दुपार कलली. लादी थंड होऊ लागली,
हीच वेळ, नाहीतर बुडबुडे येतात.
शौकतने दोन्ही डबे उघडले, मिक्सरला हात घातला.
एकदा मिसळलं की चाळीस मिनिटं,
मग देव आला तरी थांबत नाही.

"रंग मारल्यावर कशी वळखू?"

मिक्सर खाली ठेव, म्हटलं.
ती खांबापासून वीत टाकत निघाली,
ओणवी, पदर दातात,
कोरड्या, खरबरीत, धुतलेल्या काँक्रीटवरून.
अकरा.
आणि वर चार बोटं.