तिसऱ्या गिअरआधी अर्धी मात्रा

जुनी गाडी ऑक्टोबरात गेली,
पुलाच्या मधोमध, धूर न काढता.
भंगारवाल्याने साठ डॉलर हातावर ठेवले
आणि तिला उलट्या तोंडाने ओढत नेलं.

हिशेब केला तर जवळ चार हजार दोनशे.
त्यातले तीनशे विम्याचे, दोनशे हिवाळी टायरांचे,
म्हणजे ते नाहीतच.
एरीपासून वेस्टफील्ड एकतीस मैल,
तेवढेच परत.
सकाळी सहाची पाळी, द्राक्षरसाचा कारखाना,
जिथे मी काचेच्या नळीत
दिवसभर गोडी मोजते.

मेहुणा ड्वेन म्हणाला, लोरेटा, डोकं वापर.
चंदेरी घे, चार दारांची, ऑटोमॅटिक,
पार्किंगमध्ये शोधूनही सापडणार नाही अशी.
गेले. पाहिली. खोट काढायला जागा नव्हती.
दंतवैद्याच्या विधवेने जपलेली,
सीटवर अजून प्लास्टिक.
वळ म्हटलं की वळली,
थांब म्हटलं की थांबली.
दुसऱ्या सिग्नलपाशी मला जांभई आली
आणि ती जांभई पुढची सहा वर्षं
तशीच उघडी दिसली मला,
रोज बासष्ट मैल लांब.

दुसरी कॉरीच्या बाहेर, एका गोठ्यात.
मोहरीच्या रंगाची छोटी हॅचबॅक,
एकच दार निळं.
मालक हॅस्केल प्रुइट, शाळेत बँड शिकवायचे,
आता गुडघे शिकवतात त्यांना.

मी चुंबक नेलं होतं रुमालात गुंडाळून.
बोनेटला चिकटलं, दारांना चिकटलं,
मागच्या चाकाच्या कमानीवरून
घसरून पडलं चाऱ्यात.
"तिथे पत्रा नाही, लांबी आहे," प्रुइट म्हणाले,
"मीच भरली. वाईट भरली."
असा विकणारा माणूस
माझ्या तरी पाहण्यात नव्हता.

इंजिनावर तळवा टेकवला. गार.
म्हणजे मला दाखवायला आधीच तापवून ठेवलेलं नाही.
सतरंजी उचलली, खाली कोरडं.
पट्टा बदलल्याची पावती होती,
मागे पेन्सिलीने कुणाचे तरी सूर लिहिलेले.

"तिसऱ्याला घाई करू नका," ते म्हणाले.
"क्लच दाबा, अर्धी मात्रा थांबा, मग टाका."
मला कळेना, तर त्यांनी बोटाने
छपरावर वाजवून दाखवलं.

पहिल्या चढावर खर्र झालं.
दुसऱ्यावर थांबले मी,
अर्धी मात्रा, जेमतेम एक हुंकार,
आणि तो दांडा माझ्या हातात
लोण्यात सुरी जावी तसा गेला.
पुढे वळण होतं. मग आणखी एक.
प्रुइट शेजारी गप्प, दाराची कडी धरून,
आणि मी एकटीच हसत होते
चाळीसच्या वेगाला.

मागणी चौतीसशेची. कमान दाखवून मी तीन हजार म्हटलं.
"रोज चालवाल ना?"
म्हटलं, रोज.
साडेएकतीसशेला तुटला सौदा.
कर आणि कागद दोनशे पंधरा.
उरले तीनशे पस्तीस, ते त्या कमानीचे,
वेल्डरला सांगून ठेवलंय, पगारानंतर.

ड्वेन खाली सरपटत गेला, बाहेर आला.
"गंज आहे."
माहीत आहे.
"एसी नाही."
काच खाली होते.
"आणि हे दार?"
ते निळं आहे, म्हटलं.

हमरस्त्याने अडतीस मिनिटं लागतात.
मी सरोवराकाठचा पाच नंबर घेते,
अकरा मिनिटं जास्त,
पेट्रोल म्हणाल तर दोन घोट.
दोन्हीकडे छाटलेले मळे,
हीटर फक्त पायांवर फुंकतो,
नाक गारठतं, पावलं भाजतात.

काल ड्वेनने किल्ली मागितली,
नुसती कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत.
पाऊण तासाने आला.
तिसरा अडतो म्हणाला, दुरुस्त करून घे.
दूध आणायचं विसरला होता.