दोन भोकं

आमच्या दुकानापुढच्या नालीतला गाळ
बदामबाई झारेकरीण दर सहा महिन्यांनी विकत न्यायची.
तेरणेच्या पाण्यात काठवट हलवत
माती जाऊ द्यायची, सोनं थांबवायची.
वडिलांच्या हातून काय काय निसटलं
ते आमच्या आईपेक्षा तिला जास्त ठाऊक.

त्या खेपेला गाळाचं नावच नाही.
चंचीतली सुपारी बाजूला सारून तिनं ते काढलं.
पुरात पांढरीची दरड ढासळली, तिथलं.

वडिलांनी कसोटीवर ओढलं.
रेघ बघून चष्मा काढला, पुसला, परत घातला.
साडेसात मासे, वर दोन गुंजा.

एका अंगाला मुंडकं. बिनदाढीचं, नाकाडं,
केसांत पानांचा वेढा,
कडेनं अक्षरं, गुळावर निघालेल्या मुंगळ्यांसारखी.
"रोमचा राजा असणार. तिकडं म्हणे
राजा मेला की देव व्हायचा."
"आन् जित्तेपनी काय व्हता?"
वडिलांनी तराजू पुसायला घेतला.

दुसऱ्या अंगाला बाई.
पाठीला पंख, निऱ्या वाऱ्यावर,
पुढं केलेल्या हातात कडं.
बदामबाईनं पदर डोक्यावर ओढला.
"आसरा हाय ही. सातीतली एक.
आमच्या डोहावरची."

वरच्या काठाला भोकं दोन,
आतून गुळगुळीत, दोऱ्यानं झिजलेली.
मी करगोट्याचा तुकडा ओवून उचलून धरलं.
आसरा सरळ उभी राहिली.
नाणं फिरवलं, तर राजा
खाली डोकं, वर मान.

म्हणजे याच गावात कुणी तरी
सामत्याचं टोक टेकण्याआधी
ते बोटांत उलटंपालटं करून बघितलं होतं.
सोनार म्हणाला असेल, बाई, राजा उलटा होतोय.
ती म्हणाली असेल,
होऊ दे.

"मोडीत घालायचं का?" वडिलांनी हळूच विचारलं.
"भोकाचं वजन कापशीला व्हय?"
"भोकाला वजन नसतं, बदामबाई."
"मंग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, आणि चंची बांधली.

कसोटीवरची ती रेघ वडिलांनी
मेणाचा गोळा फिरवून टिपली नाही.
नंतरच्या रेघा तिला चुकवून ओढल्या.

पुढल्या वर्षी गाळ न्यायला नात आली.
नालीत वाकून खराटा मारताना
गळ्यातलं काळ्या दोऱ्यातलं बाहेर लोंबलं,
तिनं ते दातांत धरलं आणि काम चालू ठेवलं.
उभी राहिली तेव्हा आसरा बाहेर,
उन्हात.
राजा आत, घामात.