पाच अडतीस

टायर आधी घेतले, विचार नंतर केला.
तेहेतीस इंची, चिखलाचे, बोटभर खोल खाचांचे.
लावले त्या दिवशी जीप दाराशी अशी उभी
जणू उसन्या बुटांत कुणी लग्नाला निघालंय.

दुसऱ्या दिवशी कळलं.
सांताक्रूझ-चेंबूरच्या पुलावर
तिसऱ्यात दम कोंडला, दुसऱ्यात टाकली,
मागचा टँकर हॉर्न देत राहिला.
आणि उतारावर काटा चाळीस म्हणत होता
तेव्हा रस्ता सत्तेचाळीसने सरकत होता.
चाक मोठं झालं की काटा खोटं बोलतो,
तेही कमी करून. वय सांगावं तसं.

कुर्ल्याला याकूब परकार.
त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. खडू घेतला,
शटरवर लिहिलं: जुनं चाक अठ्ठावीस, नवं तेहेतीस,
जुना गिअर चार सत्तावीस.
भागा, मग गुणा.
"पाच शून्य तीन," मी म्हणाले.
"बरोबर. आणि तो मिळत नाही."

मिळतात ते दोन.
चार अठ्ठ्याऐंशी, आठावर एकोणचाळीस दात.
पाच अडतीस, आठावर त्रेचाळीस.
मला हवं ते नेमकं मधे,
जिथे कुणी दात पाडलेलेच नाहीत.

"जाता कुठं?"
डोंगर, म्हणाले मी. नदीपात्र. कर्जतच्या पुढचा तो लाल चढ.
"तसं नाय. वहीत लिहा. महिनाभर. रोज."

लिहिलं.
कलिना ते माहुल. माहुल ते कलिना.
कलिना ते माहुल, मधे भाजी.
एक रविवार कर्जत, त्यातले दोन तास पंक्चर.
वही पुढे केली तेव्हा लाज वाटली,
दातांच्या डॉक्टरपुढे तोंड उघडताना वाटते तशी.
मग मीच म्हणाले, चार अठ्ठ्याऐंशी द्या. हायवेचा. शहाण्या माणसाचा.

परकारांनी पानावर तेलकट बोट ठेवलं.
"बाई, यात हायवे कुठाय?
नऊ किलोमीटर, सव्वा तास.
पहिला, दुसरा, क्लच, परत पहिला.
डोंगरात गाडी अशीच चालते.
पाच अडतीस घाला.

आणि दोन्हीकडं. पुढच्या ॲक्सललाही."
पैशांचं काही बोलणार तेवढ्यात म्हणाले,
"वर्सोव्याचे एक तांडेल होते. नुसतं मागचं बदलून नेलं.
म्हणाले, फोर-व्हील लावतोय कोण?
लावलं एकदा खडकावर. पुढचं चाक एक सांगतंय,
मागचं दुसरंच, मधे ट्रान्सफर केस फुटला.
घरात पण तसंच," म्हणाले,
आणि अर्ध्या इंचाचा पाना शोधायला आत गेले.
बराच वेळ आले नाहीत.

क्राउन आणि पिनियन जोडीनेच येतात,
दोघांच्या अंगावर एकच नंबर.
त्रेचाळीस आणि आठ, कुठल्याच आकड्याने दोघांना भाग जात नाही,
म्हणून इथल्या प्रत्येक दाताला
तिथला प्रत्येक दात कधी ना कधी भेटतो
आणि झीज सगळ्यांत वाटली जाते.
तेलात शेंदूर कालवून दातांना फासला,
हाताने हळूहळू फिरवलं.
ठसा टाचेकडे. काढलं. शिम बदलली.
पुन्हा टाचेकडे. पुन्हा काढलं.
चौथ्यांदा तो मधोमध उमटला,
खारकेच्या बीसारखा लांबट.
परकारांनी पोराला हाक मारून चहा सांगितला.

आता पूल तिसऱ्यात चढते.
सत्तरच्या वर इंजिन कुरकुरतं,
पण सत्तर कुणाला मिळतंय इथे.
काटा उलट्या बाजूला गेलाय,
चाळीसला त्रेचाळीस दाखवतो.
"केबलच्या टोकाला बारकासा गिअर असतो," परकार म्हणाले,
"तो बदलला की खरं बोलेल."

अजून घेतला नाही.