उतरण्यास मनाई

गेटवरच्या वहीत पाच रकाने:
नाव, वय, मोबाईल, गाव, येण्याचं कारण.
मी लिहिलं, पक्षी.
बोटवाल्या झिंगर नान्हेसाठी
पोरानं टेबलाखालून दुसरीच वही काढली.
तिच्यात कारणाचा रकाना नव्हता.

वैशाखात धरण उतरतं.
काठाच्या चिखलावर पाण्याच्या जुन्या पातळ्या
एकाखाली एक, जशा कुणी पेन्सिलीनं ओढाव्यात.
बेट दर आठवड्याला थोडं मोठं होतं:
वर ऐन, धावडा, पानं गाळून बसलेली मोवई,
खाली उघडी पडलेली भेगाळ जमीन.
त्यानं मोटार बंद केली, वल्हं घेतलं.
"आता बोलू नोका जी. थे आयकते."

पुस्तकात नाव होतं नदी सुरय.
पिवळी चोच, काळी टोपी, कात्रीसारखी शेपूट,
आणि खाली बारीक अक्षरांत, दुर्मीळ होत चाललेला.
मी विचारलं, तुमच्यात काय म्हणतात हिला?
"आमी काईच नाई म्हनत.
रोज दिसे तिले कोन नाव ठेवते?"

अंडी दिसायला वेळ लागला.
काडी नाही, कापूस नाही,
मातीत नुसते तीन खडे,
आणि मग ती आली
पाण्यात पोट भिजवून,
हलकेच बसली त्यांच्यावर,
अंडी निववायला.

"थे जागा जरा सपाट दिसते का?
खळं होतं आमचं.
माही माय सारवे दर पुसात.
मेढीचा खड्डा असंन अजून,
त्यातच घातली असंन तिनं."

उतरू या का, मी म्हटलं.
झिंगर हसला, वल्ह्यानं पाटी दाखवली.
"मीच ठोकला थो बोर्ड.
दोन रोजाची मजुरी भेटली."
मग बराच वेळ
डब्यानं बोटीतलं पाणी उपसत राहिला,
फार नव्हतंच ते.

रात्री खोलीवर यादी काढली,
सुरयपुढं खूण केली.
संख्या: एक. अंडी: तीन.
ठिकाण या शब्दापुढं पेन थांबलं,
बेटाला नकाशात नाव नव्हतं, फक्त आकडा.

लिहिलं, झिंगर नान्हेचं खळं.
तालुका, जिल्हा, अक्षांश
नंतर भरीन.