ठसका

फाल्गुन सरत आला तरी आमच्या बोळात कुणी खोकलं नाही,
तेव्हाच ओळखायला हवं होतं.

एरवी होळी झाली की
मिरजकर तिकटीच्या अलीकडंच नाकाला कळतं,
ताराक्का हेरवाडेचं कांडप सुरू झालं.
दुधाच्या गाडीवरचा पोरगा शिंकतो,
शाळेतल्या बाई पदर लावतात तोंडाला,
आणि शिव्या देत देत सगळी पेठ
आपापला डबा घेऊन रांगेत.

यंदा नुसतं ऊन.
दारावर खडूनं लिहिलेलं: मोटर जळाली.
खाली, वेगळ्या हातानं: कधी सुरू?
त्याखाली कुणीच काही लिहिलेलं नव्हतं.

आत गेले तर ताराक्का
थंड मुसळांना तेल लावत बसलेली.
"नव्या मोटरचं पस्तीस सांगतोय," म्हणाली.
"आन् गिऱ्हाईक तरी कुठं ऱ्हायलंय, उज्वले?
समदी पाकिटं आणत्यात."
मी तिच्या पायरीकडं बघत राहिले.
माझ्या फळीवर तसलं एक पाकीट होतं,
अर्धं संपलेलं, तोंडाला रबर लावलेलं,
हायवेच्या मोठ्या दुकानातलं,
एकावर एक फुकट.
फुकटातलं दुसरं
मी बहिणीला दिलं होतं.

सतरा तारखेला भिशी.
बारा बायका, दोन-दोन हजार,
आणि या खेपेची उचल माझी.
शाहूपुरीत ओव्हरलॉक मशीन बघून ठेवलेलं,
फक्त पैसे टेकवायचे होते.
रोशनबी मणेर म्हणाली,
"औंदा ताराक्काला दिऊया का?"
आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या.

खरं सांगते, मोठ्या मनानं दिली नाही.
आधी पाणी प्याले. मग हिशेब केला.
लग्नसराईचे ब्लाउज, जुन्या मशीनचा कुरकुरता पाय.
आणि मग उगीचच आठवलं,
मुलगी झाली तेव्हा चार महिने माझं दुकान बंद होतं,
उघडलं त्या दिवशी चिटपाखरू आलं नाही,
संध्याकाळी ताराक्कानं गठ्ठा आणून टाकला,
फॉल लावायला, घडी न मोडलेल्या सहा साड्या.
तिच्याकडं नेसायच्या तर दोनच.
कुणाकुणाच्या मागून आणल्या होत्या, देव जाणे.

दिले चोवीस हजार.
वर म्हणाले, "पुढची पाळी माझी, लिहून घ्या."
सगळ्या हसल्या. मी हसले नव्हते.

उद्यमनगरात मुजावरांच्या हमीदनं
नवी कशाला, म्हणत जुनीच मोटर भरून दिली,
नऊ हजारात, वर चहा पाजून.
उरलेल्यात मिरची आली,
ब्याडगी रंगाला, संकेश्वरी जिभेला,
आणि लोकांचीच कांडत आलेल्या ताराक्कानं
पहिल्यांदा स्वतःची चटणी विकायला काढली.
मिसळवाल्या दत्तोबानं चिमूट जिभेवर टाकली,
डोळे पुसले, आणि महिन्याला वीस किलो बोलला.
इतकी वर्षं तो बाहेरून आणायचा.
त्याची मागची भिंत आणि तिची भिंत
एकच आहे.

पिशव्या मी शिवते,
मांजरपाटाच्या, किलोला एक,
नाडी ओवायला घडी ठेवून.
पैसे अजून फिटायचेत.
ओव्हरलॉक अजून शाहूपुरीतच.
मोठ्या दुकानापुढं गाड्या लावायला आजही जागा मिळत नाही,
खोटं कशाला बोला.

पण काल दुपारी
कोपऱ्यावरच्या फ्लॅटात नवीन आलेल्या बाईनं
खोकत खोकत खिडकी आपटली
आणि वरनंच ओरडली,
"हे बंद कधी होणार?"
बोळातनं चार-पाच आवाज एकदम आले,
त्यातला एक माझा,
ठसक्यानं फुटलेला:
"न्हाई होणार!"

ती बाई अजून डबा घेऊन आलेली नाही.
बघू. चैत्र सरायचाय अजून.